मंद स्वराचे सामर्थ्य

सोलापूर हे एके काळी भोंग्यांचे शहर होते. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढे तिच्या जोडीला आणखी गिरण्या आल्या. गिरणीचा भोंगा वाजला, की कामगार भाकरीचे फडके काखेत मारून झपाझप पावले टाकू लागत. त्याच आवाजावर घरोघरी वेळेचा अंदाज बांधला जाई. एक भोंगा आणि सारे शहर! त्या प्रचंड आवाजाला अंतराची तमा नव्हती. परंतु भोंग्याला एकच गोष्ट सांगता येई आणि तीही सर्वांना सारखीच. ‘घरी पाहुणे आले आहेत, लवकर परत या’, असा निरोप हजारो कामगारांतून एका विणकरालाच पोहोचवणे त्याला शक्य नव्हते. प्रत्येक घराने आपल्या निरोपासाठी एकेक भोंगा लावला असता, तर काय झाले असते? शहरभर नुसता कोलाहल माजला असता आणि कोणाचाच निरोप कोणाला कळला नसता.

मोठ्या आवाजाने पुष्कळांना एक गोष्ट सांगता येते. परंतु पुष्कळांना परस्परांशी निरनिराळ्या गोष्टी बोलावयाच्या असतील, तर मोठा आवाज हाच अडथळा ठरतो. हे साधे सत्य माणसाच्या ध्यानी आले, तेव्हा खिशात मावणाऱ्या दूरध्वनीचा, म्हणजेच भ्रमणध्वनीचा, मार्ग मोकळा झाला.

जुन्या दूरध्वनीला तार असे. प्रत्येक घरातून निघालेली तार टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत जाई आणि त्या तारेवर त्या घराचेच बोलणे चाले. नवा ग्राहक आला, की नवी तार ओढली म्हणजे झाले. परंतु चालत्या माणसाच्या पाठीमागे तार कशी ओढणार? त्याच्यासाठी रेडिओच्या अदृश्य लहरींचाच आधार घ्यावा लागतो. येथेच खरी अडचण उभी राहते. तारा हव्या तितक्या ओढता येतात; लहरी मात्र मोजक्या असतात. प्रत्येक लहरीची कंपने एका सेकंदात किती, ह्यावरून तिची ओळख ठरते. ह्या संख्येला वारंवारिता म्हणतात. एकाच परिसरात एकाच वारंवारितेवर दोघे जण बोलू लागले, तर दोघांचे शब्द एकमेकांत मिसळतात. शिवाय लहरी केवळ दूरध्वनीच्याच मालकीच्या नाहीत. आकाशवाणी, विमाने, जहाजे, पोलीस आणि सैन्य ह्या सर्वांना त्यांचा वाटा द्यावा लागतो. उरतो तो लहानसा पट्टा, आणि बोलणारे तर लाखो! उन्हाळ्यात पाणी आटले म्हणजे प्रत्येक घागरीचा हिशेब कसा करावा लागतो, हे सोलापूरकरांना सांगावयास नको. लहरींच्या बाबतीत जगाची अवस्था नेमकी तशीच होती.

पहिला प्रयत्न भोंग्याच्याच रीतीने झाला. १९४६ साली अमेरिकेतील सेंट लुई शहरात मोटारीतून बोलण्याचा दूरध्वनी सुरू झाला. मोटारीत बसवावयाच्या त्या यंत्राचे वजन सुमारे ३६ किलोग्रॅम होते! शहराच्या मध्यभागी उंच जागी एक बलवान केंद्र असे आणि ते सगळ्या शहराशी बोले. केंद्राच्या लहरी दूरवर पोहोचत हे खरे. परंतु एकाने एक वारंवारिता धरली, की त्याचे बोलणे संपेपर्यंत साऱ्या शहरात ती इतरांना बंद होई. ह्या रीतीत पुढे सुधारणा झाल्या. तरीही १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कसारख्या अफाट महानगरात मोटारीतून एका वेळी अवघी १२ संभाषणे होऊ शकत. तेरावा माणूस कितीही घाईत असला, तरी त्याला थांबण्यावाचून गत्यंतर नसे.

ह्या अडचणीचे उत्तर काही शास्त्रज्ञांना फार आधी सुचले होते. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या विचारांच्या आधारे एक टिपण तयार केले. त्यातील कल्पना अगदी उलट दिशेची होती. केंद्राचा आवाज वाढवू नये, तो मुद्दाम कमी करावा! सगळ्या शहरासाठी एकच बलवान केंद्र उभारण्याऐवजी शहराचे लहान लहान भाग पाडावेत आणि प्रत्येक भागात एक दुबळे केंद्र ठेवावे. त्याच्या लहरी आपल्या भागापुरत्या पोहोचाव्यात आणि पुढे विरून जाव्यात. मग थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या भागात तीच वारंवारिता पुन्हा बिनधास्त वापरता येईल. ह्या प्रत्येक भागाला ‘सेल’ म्हणजे घर हे नाव मिळाले आणि अशा घरांनी बनलेला तो ‘सेल्युलर’ दूरध्वनी झाला. कागदावर ही घरे मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांसारखी षट्कोनी काढतात. वर्तुळे शेजारी शेजारी मांडली, तर मध्ये फटी राहतात. षट्कोन मात्र एकमेकांना चिकटून बसतात. प्रत्यक्षात टेकड्या, इमारती आणि झाडे ह्यांमुळे ही घरे वेडीवाकडीच होतात.

ही योजना सोलापूरच्या विणकराला कोणी समजावून सांगितली, तर त्याला तिचे फारसे नवल वाटणार नाही. येथली चादर अंगणात पसरून पाहावी. विणकराजवळ रंगीत सूत मोजक्याच रंगांचे असते. तरीही चादर या टोकापासून त्या टोकापर्यंत नक्षीने भरून जाते, कारण तोच रंग ठरावीक अंतर सोडून पुन्हा येतो. दोन फुलांमधले अंतर नाहीसे केले, तर नक्षी राहणार नाही. नुसता डाग दिसेल. लहरींचेही तसेच आहे. शेजारच्या दोन घरांना एकच वारंवारिता दिली, तर बोलण्याचा गोंधळ उडेल. परंतु मध्ये पुरेशी घरे सोडली, की तीच वारंवारिता निर्धास्तपणे परत वापरता येते.

ह्या युक्तीने किती लाभ होतो, हे साध्या गणिताने पाहता येईल. समजा, एका शहराच्या वाट्याला संभाषणाच्या ७० वाटा आल्या आहेत. शहरात एकच मोठे केंद्र असेल, तर एका वेळी ७० संभाषणे होतील आणि एकाहत्तराव्याला नकार मिळेल. आता ह्या ७० वाटांचे १० - १० चे सात गट पाडले आणि शहराची ४९ घरे केली. शेजारची सात घरे मिळून सातही गट वापरतील. पुढच्या सात घरांत तेच गट पुन्हा येतील. प्रत्येक घरात १० संभाषणे, म्हणजे शहरात एकंदर ४९० संभाषणे एका वेळी चालतील. वाटा वाढल्या नाहीत, तरी बोलणारे सातपट झाले! गर्दी आणखी वाढली, तर घरे आणखी लहान करावयाची. म्हणूनच दाट वस्तीच्या पेठेत मनोरे जवळजवळ असतात आणि उघड्या माळरानावर दूरदूर असतात.

आवाज लहान करण्याचा आणखी एक लाभ झाला. मनोरा जवळ आला, म्हणून हातातल्या यंत्रालाही मोठ्याने ओरडण्याचे कारण उरले नाही. ओरडणे कमी झाले, म्हणून त्याला वीज थोडी पुरू लागली. वीज थोडी लागते, म्हणून त्याची बॅटरी लहान झाली. इतकेच नव्हे, तर मनोरा अगदी जवळ असेल, तेव्हा यंत्र आपला आवाज आणखी कमी करते. मोटारीतले ते अवजड ओझे कालांतराने तळहातावर मावू लागले, त्यामागे इतर शोधांबरोबर ह्या मंद स्वराचाही वाटा आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते, की एका भ्रमणध्वनीतून निघालेली लहर थेट दुसऱ्या भ्रमणध्वनीत शिरते. तसे होत नाही. सिद्धेश्वर तलावाच्या दोन काठांवर उभे राहून दोन मित्र बोलू लागले, तरी एकाचा आवाज लहरीच्या रूपाने प्रथम जवळच्या मनोऱ्याकडे जातो. तेथून तो एक्स्चेंजमध्ये पोहोचतो, एक्स्चेंजमधून दुसऱ्या मित्राजवळच्या मनोऱ्याकडे येतो आणि मगच त्याच्या कानी पडतो. बोलणे वर नेण्यासाठी एक वारंवारिता आणि खाली आणण्यासाठी दुसरी, अशी योजना असल्यामुळे दोघांना एकाच वेळी बोलता आणि ऐकता येते.

आता प्रश्न असा, की खिशात फिरणारा हा दूरध्वनी हजारो घरांतून नेमका सापडतो कसा? तो कोणाशी बोलत नसला, तरी अगदी मुका नसतो. मनोरे सतत आपली ओळख सांगत असतात आणि दूरध्वनी ती ऐकत असतो. आपण नव्या टापूत आलो, असे दिसताच तो थोडक्यात ‘मी येथे आहे’ असे कळवतो. एक्स्चेंजच्या वहीत त्याची नोंद होते. पुढे कोणी त्या क्रमांकाला हाक मारली, की ती वही पाहिली जाते आणि त्या टापूतल्या सगळ्या मनोऱ्यांवरून जणू दवंडी पिटली जाते. पूर्वी दवंडीवाला गल्लोगल्ली फिरून पुकारा करी, तसाच हा पुकारा असतो. तो सर्व दूरध्वनी ऐकतात. उत्तर मात्र ज्याचा क्रमांक असतो तोच देतो. मग त्याला एक मोकळी वाट नेमून दिली जाते आणि घंटी वाजू लागते. हे सारे काही क्षणांत घडते.

ह्याहूनही कौतुकाची गोष्ट पुढेच आहे. सोलापूरहून पुण्याकडे निघालेल्या आगगाडीत एखादा प्रवासी बोलत बसला आहे. गाडी मोहोळ मागे टाकते, माढा मागे टाकते, कुर्डुवाडी जवळ येते. इतक्यात कितीतरी घरे ओलांडली जातात, तरीही बोलणे तुटत नाही. हे कसे? आषाढीच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातून पंढरपूरकडे पालख्या जातात. पालखी एका गावाची वेस सोडते, तेव्हा पुढच्या गावची मंडळी आधीच सामोरी आलेली असतात. पालखी वाटेत उघड्यावर टाकून कोणी घरी जात नाही. संभाषणाचेही तसेच होते. एका मनोऱ्याचा स्वर क्षीण होऊ लागला, की दुसऱ्याच्या घरात मोकळी वाट राखून ठेवली जाते आणि मग बोलणे तिकडे सोपवले जाते. पहिल्या पिढीत मनोरेच दूरध्वनीचा आवाज मोजून हा निर्णय घेत. पुढच्या पिढीत दूरध्वनी स्वतःच शेजारच्या मनोऱ्यांचा आवाज मोजू लागला आणि दर सेकंदाला सुमारे दोन वेळा त्याचा वृत्तान्त कळवू लागला. बोलणाऱ्या प्रवाशाला ह्याची वार्ताही नसते.

१९४७ सालच्या टिपणापासून प्रत्यक्ष दूरध्वनीपर्यंत यावयास मात्र बरीच वर्षे लागली. इतके मनोरे आणि इतक्या सोपवणुका सांभाळावयास जलद गणक हवा होता, आणि तो त्या काळी नव्हता. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मार्टिन कूपर ह्यांनी हातात धरलेल्या यंत्रावरून पहिले संभाषण केले. त्यांनी दूरध्वनी कोणाला केला असेल? बेल प्रयोगशाळेत ह्याच कामात गढलेल्या आपल्या प्रतिस्पर्ध्याला! ते यंत्र एक किलोग्रॅमहून जड होते. १९७९ साली जपानमधील टोकियोत आणि १९८३ साली अमेरिकेतील शिकागोत सर्वसामान्य ग्राहकांसाठी अशी जाळी सुरू झाली. त्या वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेल्या हातातल्या यंत्राची किंमत जवळजवळ ४,००० डॉलर होती आणि एकदा बॅटरी भरली, की त्यावर सुमारे अर्धा तासच बोलता येई.

भारतात ह्या दूरध्वनीचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय मंत्री सुखराम ह्यांच्याशी बोलले. तोपर्यंत युरोपात जाळ्याची दुसरी पिढी आली होती आणि भारताने तीच स्वीकारली. ह्या पिढीने वाटणीची आणखी एक रीत आणली. एका नळावर आठ घागरी पाळीपाळीने भराव्यात, तशी एकाच वारंवारितेवर आठ संभाषणे पाळीने चालू लागली. प्रत्येकाची पाळी एका सेकंदात दोनशेहून अधिक वेळा येते. मधल्या क्षणांत साठलेला आवाज आकड्यांच्या रूपात आवळून आपल्या पाळीत पाठवला जातो. म्हणून ऐकणाऱ्याला बोलणे अखंडच वाटते.

प्रथम मोठी शहरे, मग महामार्गांचा परिसर आणि नंतर खेडी, अशा क्रमाने हे जाळे पसरत गेले. तोपर्यंत सोलापूरच्या पेठांतून पिवळ्या पाट्यांची दूरध्वनी केंद्रे गजबजलेली असत. रात्री दर उतरले, की परगावच्या आप्तांशी बोलण्यासाठी तेथे रांगा लागत. हातातल्या दूरध्वनीने ती रांग संपवली. परंतु आरंभी तो गरिबाच्या आवाक्यात नव्हता. बोलणाऱ्यास पैसे पडत, तसेच ऐकणाऱ्यासही पडत. म्हणून पुष्कळ जण नुसती घंटी वाजवून बोलणे तोडीत आणि त्या दोन घंटींतून ‘सुखरूप पोहोचलो’ असा निरोप देत. २००३ साली ऐकणाऱ्याचा आकार बंद झाला आणि भाजीची हातगाडी चालवणाराही हे यंत्र बाळगू लागला.

जाळ्याला राज्यांच्या सीमांचाही विचार करावा लागला. अक्कलकोटच्या पुढे गेले, की कर्नाटकाची हद्द लागते. लहरींना हद्द दिसत नाही. परंतु हिशेबाची वही प्रत्येक विभागाची निराळी होती. पलीकडचे केंद्र पाहुण्याची ओळख त्याच्या मूळ विभागाला विचारी आणि मगच त्याला आपल्या घरात घेई. ह्या पाहुणचाराचे जादा पैसे पूर्वी पडत असत. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ह्या भाषा शेजारी शेजारी नांदतात. जाळ्याला मात्र ह्यांपैकी एकही भाषा ठाऊक नसते. ते सगळ्यांचे शब्द सारख्याच निष्ठेने वाहून नेते.

असे हे जाळे कितीही चतुर असले, तरी त्याची शक्ती अमर्याद नाही. मकर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी अफाट जनसमुदाय लोटतो. एका घरातील वाटा ठरलेल्या असतात. सगळे जण एकाच वेळी बोलू लागले, तर उरलेल्यांना नकार मिळणारच. मोठ्या मेळ्यांत म्हणूनच चाकांवरचे तात्पुरते मनोरे आणून घरे वाढवतात. परंतु संकट काही आगाऊ सूचना देऊन येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसे प्राणास मुकली. सोलापुरातही ते धक्के जाणवले. त्या वेळी भारतात भ्रमणध्वनीचे जाळे नव्हते. शेजारच्या जिल्ह्यात राहणाऱ्या बहिणीचे, आईचे, मामाचे काय झाले, हे कळण्याचे साधन कितीतरी घरांजवळ नव्हते. आज अशा प्रसंगी हातातला दूरध्वनी ढिगाऱ्याखालच्या माणसाची हाक बाहेर पोहोचवू शकेल. मात्र त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. मनोरा उभा असून त्याला वीज मिळत असली पाहिजे, आणि त्या घरातली एक तरी वाट मोकळी असली पाहिजे. पहिली गोष्ट अभियंत्यांच्या हाती आहे. दुसरी प्रत्येकाच्या हाती आहे. संकटाच्या वेळी केवळ कुतूहलापोटी लांबवलेले बोलणे एखाद्या जखमी माणसाची वाट अडवून बसते. चार शब्दांत निरोप संपवला, तर तीच वाट एका क्षणात दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

पहिल्या पिढीची ती जड यंत्रे आता वस्तुसंग्रहालयांत जाऊन बसली आहेत. जाळ्याच्या पुढच्या पिढ्यांनी वाटणीच्या अधिक सूक्ष्म रीती शोधल्या आहेत आणि आता बोलण्याबरोबर चित्रेही वाहू लागली आहेत. तरीही त्या साऱ्यांच्या मुळाशी १९४७ सालचीच कल्पना आहे: आपला स्वर आपल्या घरापुरता ठेवावा, म्हणजे शेजाऱ्याला बोलता येते, आणि शेजारी बोलू शकला, म्हणजे आपलाही शब्द त्याच्या हातून पुढच्या वेशीपर्यंत जातो. लहरी निसर्गाने मोजूनच दिल्या आहेत. त्या सर्वांना पुरल्या, ह्याचे श्रेय त्या वाटून घेणाऱ्या शहाणपणाला आहे.